गळवाल्यांना प्रश्न: कोकण किनाऱ्यावरचे कुठले मासे तुमच्या डोळ्यांदेखत कमी झाले?

घाटावरचा_गळकरी
मंडळी नमस्कार. आपल्यातले बरेच जण सुट्टी मिळाली की गगनबावडा नायतर फोंडा घाट उतरून देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला गळ टाकायला जातात, म्हणून इथंच विचारतो. मी वडलांबरोबर १९९० च्या आसपास जायला लागलो. रॉड-रील आमच्याकडं नव्हतंच, लाकडाच्या फळकुटाला गुंडाळलेली तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला शिसं, वर दोन गळ आणि कोळंबीचा तुकडा, एवढ्यावर पुळणीत उभं राहिलं की मुडदुशी लागायची म्हणजे लागायचीच. मुडदुशी बोटाला कळते, आधी बारीक टकटक आणि मग एकदम सरळ ओढ, आणि अंग वाळूच्याच रंगाचं त्यामुळं पार पायाशी येईपर्यंत दिसत पण नाही. कातळावरनं टाकलं तर गोबरा नायतर तांबोशी, खाडीच्या तोंडाला भरतीच्या वेळी चणक. आता त्याच जागी महागडं ल्युअर (नकली आमिष) आणि ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी) घेऊन उभं राहतोय आणि लागलीच तर शेंगटी, नायतर वीतभर तांबोशीचं पिल्लू.

मला जास्त खटकतं ते हे की कोल्हापुरात कुणाला सांगितलं तर पटत नाही. मार्केटात सुरमई आहे, पापलेट आहे, बांगड्याचे ढीग आहेत, मग कमी कुठं झालंय म्हणतात. अहो पण विचारून बघा, बराच माल गुजरातच्या वेरावळचा नायतर मंगळूर साइडचा असतो, बर्फात घालून ट्रकनं येतो. ताटात कमी पडलं नाही म्हणून समुद्रात कमी झालं नाही असं कसं म्हणायचं? हे आधी कळतं ते किनाऱ्यावर उभं राहणाऱ्याला. तर तुमच्या आठवणीत कुठला मासा, कुठल्या गावाला, साधारण कधीपर्यंत, आणि आकार केवढा असायचा ते लिहा. आकार लिहाच.

रंकाळ्याकाठचा
अगदी मनातलं बोललासा. माझी आत्या मालवणजवळ दिलेली, त्यामुळं लहानपणापासनं जाणं-येणं. तारली इतकी यायची की खाऊन, वाटून, सुकवून उरलेली माडाच्या आळ्यात खत म्हणून घालायचे, हे मी स्वतः बघितलंय, कुणी सांगितलेली गोष्ट नाही. आज तीच तारली आत्याच्या घरात विकत आणतात. आणि बांगडा! नारळी पौर्णिमा झाली की जो यायचा तो मनगटाएवढा जाड, एक तुकडी ताटात पडली की भात संपायचा. आता जो बोटभर बांगडा पाट्यात दिसतो तो आमच्या आत्यानं घरात घेतला नसता, पिल्लू आहे म्हणून.

देवगडकर_मुक्काम_राजारामपुरी
दादा, काका, दोघांचंही बरोबर आहे. आमच्या गावात रापण होती. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकायची आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरनं माणसं ओढायची. "चला रे, दोर ओढूक या" अशी हाक आली की आम्ही पोरं शाळेच्या कपड्यातच पळायचो, कारण दोराला हात लावला की त्याला वाटा मिळायचा, पोर असो नायतर म्हातारी. रापणीत मासा किनाऱ्यापर्यंत आला तरच मिळणार, आणि आता तो आत येईपर्यंत राहतच नाही.

पर्ससीन जाळं काय असतं ते गळवाल्यांनी एकदा बघून घ्या. थव्याभोवती जाळ्याचं कडं करायचं आणि खालनं कड्यांतली दोरी आवळून तळ बंद करायचा, पिशवीचं तोंड आवळतात तसं. अख्खा थवा आत, मोठा-छोटा सगळा. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालावरनं ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्यानं पर्ससीनवर निर्बंध आणले. एलईडी लाइट लावून मासेमारीला केंद्रानं २०१७ ला बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरनं आत बघितलं तर समुद्रात उजेड दिसतो. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर येतात ते वेगळंच. माझे चुलते रापणकर होते, आता आंब्याच्या बागेत कामाला जातात. राग येतो, खरंच येतो.

कायद्यानं_बोला
मी जरा वेगळं बोलतो, कुणी वाईट वाटून घेऊ नका. सगळं बोटवाल्यांवर ढकलून चालणार नाही. खाडीचं काय झालंय बघा की. कर्लीच्या खाडीत वाळूउपसा, काठाला कांदळवन तोडून भराव, वरनं गावाचं सांडपाणी. तांबोशीची पिल्लं कांदळवनाच्या मुळातच वाढतात आणि मोठी झाली की बाहेर खडकाकडं जातात, मग मुळंच राहिली नाहीत तर कातळावर तांबोशी येणार कुठनं? आणि दुसरं, आपण गळवाले पण इन्स्टावर व्हिडिओ रील टाकतो, लोकेशन टाकतो, पुढच्या रविवारी त्याच कातळावर घाटावरच्या गाड्यांची रांग.

मत्स्यवाला_रत्नागिरी
फिशरीजला शिकलोय म्हणून थोडी भर घालतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

चणक (रायगडकडं जिताडा म्हणतात तोच) जन्माला येतो नर म्हणून, आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे फोटोत जो अवाढव्य चणक दिसतो ती बहुतेक वेळा मादी असते, आणि लहान सगळे मारले तर पुढं मादी तयारच होत नाही. गोबऱ्याचं बरोबर उलटं, आधी मादी मग नर, तिथं मोठे उचलत राहिलं की नरच कमी पडतात. म्हणून मूळ प्रश्नात आकार विचारलाय ते फार महत्त्वाचं, मासा नाहीसा व्हायच्या आधी लहान होत जातो.

आकड्यांचं म्हणाल तर सीएमएफआरआयच्या (केंद्राची सागरी मत्स्य संशोधन संस्था) मोजणीत २०१९ ला महाराष्ट्राची पकड २.०१ लाख टन होती, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. पण त्या वर्षी क्यार आणि महा वादळांमुळं बोटी कितीतरी दिवस बंदरातच होत्या, त्यामुळं एका वर्षावरनं सगळा निष्कर्ष काढू नये. तारलीचं तर केरळात २०१२ ला जवळजवळ चार लाख टन आणि २०२१ ला साडेतीन हजार टनाच्या आसपास, आणि त्यात समुद्राचं तापमान, एल निनो ह्यांचा पण हात आहे. राज्यानं २०२३ ला ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली, पापलेट १३५ मिमी, सुरमई ३७० मिमी. पापलेट त्याच वर्षी राज्य मासा जाहीर झाला. तुम्ही मार्केटात तळहाताएवढं पापलेट स्वस्त म्हणून घेता तेव्हा शेजारी पट्टी धरून बघा एकदा.

प्रयागचिखली_पोरगा
समुद्राचा धागा आहे तरी एक विचारतो. आमचे आजोबा पंचगंगेत रात्रीच्या गळाला अहिर (सापासारखा लांब मासा) लागायचा म्हणतात, हाताएवढा जाड. मी अजून एकपण बघितला नाही. ह्याचा समुद्राशी संबंध आहे का?

मत्स्यवाला_रत्नागिरी
आहे, थेट आहे. अहिर अंडी घालतो समुद्रात आणि पिल्लं नदीतनं वर चढतात. आपली पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, म्हणजे त्या पिल्लाला आंध्रातनं चिखलीपर्यंत यायचंय आणि वाटेत नागार्जुनसागर, श्रीशैलम, अलमट्टी, शिवाय आपले बंधारे. त्यात खाली शिरोळकडं तेरवाड बंधाऱ्याला दूषित पाण्यानं मासे मरून तरंगतात ते सगळ्यांनी पेपरात बघितलंय. आजोबांकडनं साल आणि जागा लिहून घे लवकर, ती माहिती दुसरीकडं कुठं नाही.

घाटावरचा_गळकरी
सगळ्यांचे आभार, विशेषतः चणकाचं मला अजिबात माहीत नव्हतं. मग असं करूया, ह्याच धाग्यात ज्याला जे आठवतंय ते मासा, गाव, साल, लांबी एवढं लिहीत जायचं, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पण लिहायचं. जागा सांगताना गावापर्यंतच सांगा, कातळाचं नाव नको, कायद्यानं_बोला यांचा मुद्दा मला पटलाय. आणि इथनं पुढं मी वीतभर तांबोशी सोडणार, तंगूस गळाजवळ कापून, उगाच हिसडून गळ काढायचा नाही. माझी पहिली नोंद: मुडदुशी, तारकर्ली, १९९२-९३ च्या दिवाळीत, वीतभरापेक्षा मोठी, सकाळच्या भरतीला.

देवगडकर_मुक्काम_राजारामपुरी
चुलत्यांना आत्ताच फोन लावला, ते सांगतात तसं लिहितो. सरंगा (पापलेट), देवगड, १९८० च्या आसपास, रापणीत, पितळी ताटाच्या बाहेर जाईल एवढा. कर्ली मासा, तिथंच, हाताएवढी लांब. घोळ मासा पण म्हणाले, पण त्याचं साल त्यांना रात्री आठवून सांगतो म्हणाले, मग टाकतो.