झेनॉन वेदरिंग चेंबर: लॅम्प नवा, तरी वॅटेज चढतंय आणि मधेच ट्रिप होतोय

रंगपट्टी:
नमुन्यांवर ऊन-पावसाचा परिणाम बघायची पेटी आहे. त्यात पाण्याने थंड होणारा ६५०० वॅटचा झेनॉन लॅम्प, त्याभोवतीचे आतला-बाहेरचा दोन्ही फिल्टर बोरोसिलिकेट काचेचे. आयएसओ ४८९२-२ या चाचणी मानकाप्रमाणे प्रकाशाची तीव्रता ३४० नॅनोमीटरला ०.५१ (वॅट प्रति चौरस मीटर प्रति नॅनोमीटर) सेट, १०२ मिनिटं कोरडं, १८ मिनिटं फवारा. लॅम्प बदलून जेमतेम ३०० तास झालेत. तेव्हा ४१०० वॅटला ०.५१ मिळत होतं, आता ५८०० लागतात. डीआय (आयन काढलेल्या) पाण्याची कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहण्याची क्षमता, ०.८ मायक्रोसीमेन्स इतकी कमी आहे, त्यामुळे पाण्यावर संशय नाही. परवापासून लॅम्प १५-२० मिनिटांनी ट्रिपही होतो. लॅम्पच खराब निघाला का?

काचकाम:
लॅम्प इतक्यात टाकून देऊ नका. ३०० तासांत १७०० वॅट खाणारी गोष्ट बहुतेक वेळा प्रकाश अडवत काचेवर बसलेली असते. फिल्टर काढा, पूर्ण कोरडे होऊ द्या आणि खिडकीच्या उजेडात तिरके धरा. ओल्या काचेवर थर दिसतच नाही. नखाने न निघणारा पांढुरका, धुरकट थर असेल तर सिलिका; तांबूस-तपकिरी असेल तर लोखंड.

आणि ०.८ वर विसंबू नका. सिलिका पाण्यात फारशी आयनित होत नाही, त्यामुळे मीटरला ती दिसत नाही. पाण्यातले आयन धरून ठेवणारं मिक्स्ड बेड रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकाच निसटते, तेव्हाही मीटर एकच्या खालीच असतो. मूळ पाणी बोअरचं असेल तर आणखी जपा, आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टमधून येणाऱ्या पाण्यात सिलिका भरपूर असते. मॉलिब्डेटच्या रंगचाचणीचं किट आणून रेझिननंतरचं पाणी तपासा. ०.२ पीपीएमच्या वर गेलं की रेझिन बदला.

लोखंडाचा थर ५ टक्के ऑक्झॅलिक ॲसिडच्या कोमट द्रावणात दहा मिनिटं ठेवल्यावर सुटतो, मग डीआय पाण्याने भरपूर धुवा. सिलिका त्याने हलत नाही. घासून काच खराब करू नका, फिल्टर बदला. हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा विचारही नको.

खात्री करायची सोपी रीत: तोच लॅम्प, नवी फिल्टर जोडी, सेट ०.५१. वॅट खाली आले तर दोष काचेचा. नाही आले तर सेन्सरपर्यंत प्रकाश नेणारी दांडी पुसा आणि कॅलिब्रेशन करा. फिल्टर बदलल्यावर कॅलिब्रेशन तसंही करावंच लागतं.

थंडपाणी:
ट्रिपचं कारण यातच गुंतलेलं असू शकतं. सगळी ६५०० वॅट उष्णता पाण्यात गेली असं धरलं, तर मिनिटाला १० लिटर प्रवाहात पाणी साधारण ९ अंशांनी तापतं. प्रवाह ५ लिटरवर आला की १९ अंशांनी. वॅटेज चढलं आणि प्रवाह घटला, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. गाळणी, पंप आणि हीट एक्स्चेंजरची बाहेरच्या पाण्याची बाजू बघा. क्षाराने ती तुंबलेली सापडते. ट्रिप होताना अलार्म तापमानाचा येतो की फ्लो स्विचचा, ते आधी लिहून ठेवा. लॅम्पच्या पाण्याच्या वाटेत पितळी फिटिंग असेल तर काढा, प्लास्टिक किंवा ३१६ स्टील लावा.

पुन्हा पेटताना टिकटिक ऐकू येते पण आर्क होत नाही, असं झालं तर इग्निटरचा (लॅम्प पेटवणाऱ्या भागाचा) हाय व्होल्टेज कनेक्टर ओला आहे का, लॅम्पच्या टोकाला जळका माग उमटलाय का ते पाहा. टिकटिकच नसेल तर दार किंवा फ्लोचा इंटरलॉक (सुरक्षेसाठी लॅम्प बंद ठेवणारा स्विच) बघा.

उघडण्याआधी मेन बंद करा, पाच मिनिटं थांबा, अर्थिंग दांडीने कपॅसिटर उतरवा. लॅम्प थंड असला तरी फेस शील्ड आणि सुती हातमोजे हवेतच. बोटाचा ठसा राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घामातल्या क्षारामुळे तापल्यावर क्वार्ट्झ पांढरं पडून तडकतं.

रंगपट्टी:
फिल्टरवर पांढुरका थरच निघाला. मग ३०० तासांचे नमुने बाद धरायचे का?

काचकाम:
सेन्सर फिल्टरच्या बाहेरून वाचत असेल आणि ०.५१ टिकलं असेल, तर प्रकाशाचा डोस बरोबर आहे. ट्रिपमुळे तुटलेले तास तेवढे घड्याळावर नाही, साठलेल्या किलोज्यूलवर मोजा. फवाऱ्याला तेच पाणी असेल तर मात्र नमुन्यावर सिलिकाचे डाग बसलेले असणार. ग्लॉसचं (चकाकीचं) माप त्या जागेवर घेऊ नका, आणि रिपोर्टमध्ये डागांची नोंद करा.