मदत हवी आहे : परवान्याच्या दुनळी बंदुकीसाठी घरात ठेवण्याजोगी, परवडणारी तिजोरी (सोलापूर)

नमस्कार.

बारा बोअरची एक दुनळी बंदूक घरात सुरक्षित ठेवण्यासाठी खिशाला झेपेल अशी तिजोरी किंवा मजबूत कपाट घ्यायचे आहे. दोन महिने बाजारात फिरूनही माझा निर्णय होत नाही. ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे किंवा ज्यांना पत्रा, कुलपे आणि वेल्डिंग यांतले कळते, अशा सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

आधी परिस्थिती सांगतो. बंदूक वडिलांची आहे. अक्कलकोट तालुक्यातील आमच्या शेतात तूर आणि भुईमूग राखताना रानडुकरे हुसकावण्यासाठी त्यांनी तीस वर्षांपूर्वी परवाना घेतला होता. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे राहिले, की त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तसा अर्ज करून, पोलीस पडताळणी होऊन, यंदा परवाना माझ्या नावावर झाला आणि बंदूक गावच्या वाड्यातून विजापूर रस्त्यावरील आमच्या घरी आली. गावात ती माडीवरच्या खोलीत सागवानी पेटीत असे आणि पेटीची किल्ली वडिलांच्या करदोट्याला असे, अगदी रात्री झोपतानाही. त्या पेटीचा कडीकोयंडा पहारीच्या एका हिसक्यात निघेल असा आहे. तरीही तीस वर्षांत घरातल्या कोणत्याही मुलाचा हात त्या बंदुकीला लागला नाही, कारण किल्ली वडिलांच्या अंगावरून कधी उतरलीच नाही.

येथे ती शिस्त माझ्याकडून पाळली गेली नाही, हे स्पष्ट लिहितो. शयनगृहातील लोखंडी कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये बंदूक मावत नाही, म्हणून मी ती साड्यांच्या कप्प्यामागे उभी ठेवली होती आणि कपाटाची किल्ली घरच्या रीतीप्रमाणे देवघरातल्या डब्यात होती. गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमासाठी आईची नऊवारी हवी म्हणून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ती किल्ली काढून, कोणालाही न विचारता, कपाट उघडले. बंदूक रिकामी होती आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात होती, त्यामुळे काही विपरीत घडले नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी मी बंदूक एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेव म्हणून दिली आणि पावती घेतली. घरात योग्य सोय होईपर्यंत ती परत आणायची नाही, असे ठरवले आहे. धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे, आणि तो खुर्ची ओढून कोठेही चढतो.

परवान्याच्या अर्जात शस्त्र आणि काडतुसे ठेवण्याची सुरक्षित जागा आहे का, हे लिहून द्यावे लागते. मीही ते लिहून दिले आहे आणि ते अक्षरशः खरे असावे अशी माझी इच्छा आहे.

आता मापे. जोडलेल्या स्थितीत बंदूक ४७ इंच लांब आहे. सुटी केल्यावर नळ्यांचा भाग ३० इंचांचा आणि चापासह दस्त्याचा भाग साधारण १८ इंचांचा होतो. बसवण्याच्या खर्चासह माझी मर्यादा २०,००० रुपयांची आहे.

पहिला पर्याय दागिन्यांसाठी मिळणाऱ्या, आकडे दाबून उघडणाऱ्या घरगुती तिजोऱ्यांचा. त्या किमतीत बसतात, पण मी पाहिलेल्यांपैकी एकीतही ३० इंचांची नळी तिरपी ठेवूनसुद्धा मावत नाही. दुसरा पर्याय फर्निचरच्या दुकानांतील उंच, अरुंद लोखंडी कपाटांचा. विक्रेत्याने त्याला ‘बंदुकीचे कपाट’ म्हणून दाखवले, पण पत्रा २२ गेजचा, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीचा निघाला. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. तोवर मी उलटेच समजत होतो. तिसरा पर्याय अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एखाद्या फॅब्रिकेटरकडून तिजोरी बनवून घेण्याचा. पोलादाचे वजन घनमीटरला सुमारे ७,८५० किलो धरले, तर ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक चौरस मीटर साडेतेवीस किलोंचा होतो. त्या हिशेबाने ५४ इंच उंच, १४ इंच रुंद आणि १२ इंच खोल पेटी आतल्या पट्ट्या आणि कुलूप सोडून ४८ किलोंच्या आसपास जाते, तर तीच पेटी २२ गेजमध्ये १३ किलोही भरत नाही. १३ किलोंचे कपाट चोर तेथे उघडत बसणार नाही, खांद्यावर टाकून नेईल. फॅब्रिकेटरने उंच पेटीसाठी मागितलेले २६,००० रुपये मात्र माझ्या आवाक्याबाहेर आहेत.

ठशाने उघडणाऱ्या कुलपाचा मोह मला झाला होता, कारण त्यात किल्ली लपवण्याचा प्रश्नच राहत नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने एका कंपनीच्या अशा सुमारे ६१,००० बंदूक-तिजोऱ्या परत मागवल्याचे वाचले. मालकाने आपला ठसा नोंदवून घेईपर्यंत त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि मालकांची समजूत मात्र नोंद झाली आहे अशी होती. त्या प्रकरणात १२ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. हे वाचल्यापासून स्वस्तातले ठशाचे कुलूप घेण्याची माझी हिंमत नाही. अग्निरोधक तिजोरीचा विचारही मी सोडला आहे, कारण ती बजेटात बसत नाही आणि तिच्या भिंतींतल्या भरावातील ओलाव्याने आतल्या लोखंडाला गंज धरू शकतो, असे कळले.

जागेचीही अडचण आहे. घर जुने आहे, भिंती विटांच्या आहेत आणि जमिनीवर शहाबादी फरशी आहे. तिजोरी ठेवता येईल असा एकच कोपरा आहे आणि तो न्हाणीघराच्या भिंतीला लागून आहे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे न्हाणीत पाण्याची पिंपे कायम भरलेली असतात आणि सप्टेंबरच्या पावसात त्या भिंतीला ओल येते.

आपल्याला विचारायचे ते असे. ३ मिलिमीटरचा आग्रह धरावा, की २ मिलिमीटर पुरेल? किल्लीचे कुलूप घ्यावे, की आकड्यांचे? आणि फरशीखाली काय आहे हे माहीत नसताना तिजोरी जमिनीला घट्ट कशी बसवावी?

प्रतिसाद, बार्शीहून

आपण बंदूक लगेच ठेवीला दिलीत, हे फार चांगले केलेत. माझ्याकडे बावीस वर्षांपासून अशीच दुनळी आहे, त्या अनुभवावरून एकच गोष्ट सुचवतो. उंच पेटीचा हट्ट सोडा. नळ्यांखालचा पुढचा लाकडी तुकडा काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायला अर्धे मिनिट लागते आणि त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. सुटी बंदूक ३४ इंच उंच, १२ इंच रुंद आणि १० इंच खोल पेटीत आरामात मावते. आपल्याच हिशेबाने त्या पेटीला ३ मिलिमीटरचा पत्रा २६ किलोंच्या आसपास लागेल, म्हणजे उंच पेटीच्या जवळजवळ निम्मा, आणि मजुरीही त्या मानाने उतरेल. शिवाय साडेचार फुटांची अरुंद लोखंडी पेटी कोणी पाहिली, तर आत काय आहे ते न सांगता कळते. ३४ इंचांची पेटी लाकडी कपाटाच्या तळाशी ठेवून दार लावले, की घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. पुढचा लाकडी तुकडा मी काडतुसांबरोबर दुसऱ्या कुलुपात ठेवतो. तो नसेल तर उरलेली बंदूक हाती लागूनही नीट वापरता येत नाही.

एक काळजी घ्या. बंदूक चामड्याच्या किंवा फोमच्या म्यानात घालून तिजोरीत ठेवू नका. म्यान ओल धरते. माझ्या बंदुकीच्या उजव्या नळीवर एका पावसाळ्यात पडलेले डाग आजही तसेच आहेत.

प्रतिसाद, सोलापूरहून

साहेब, मी स्वतः फॅब्रिकेशनच्या व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण जाडीविषयी विचारले आहे, पण पत्रा पातळ म्हणून तिजोरी क्वचितच फुटते, ती दाराच्या फटीतून उचकटली जाते. दार चौकटीवर बसवले असेल, तर पत्रा ५ मिलिमीटरचा असला तरी पहारीचे टोक आत शिरते आणि मग सगळा जोर एकट्या कुलपाच्या जिभेवर येतो. म्हणून दार चौकटीच्या आत बसवून घ्या, फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त राहू देऊ नका आणि दारामागे चारही बाजूंनी अँगलची पट्टी वेल्ड करून घ्या, म्हणजे पहारीला टेकू मिळणार नाही. बिजागऱ्या बाहेर असल्या तरी चालतात, पण त्या बाजूला दाराला दोन पक्क्या खिट्ट्या हव्यात, ज्या दार लावताना चौकटीतल्या भोकांत जाऊन बसतात. त्या असतील, तर कोणी बिजागऱ्या कापल्या तरी दार जागचे हलत नाही. बनवून देणारे बहुतेक जण या खिट्ट्या मागितल्याशिवाय लावत नाहीत.

हे सगळे केल्यावर अंग ३ आणि दार ४ मिलिमीटरचे असले, की घरासाठी पुरे. २ मिलिमीटरमध्ये वेल्डिंग करताना पत्रा वाकतो, दाराची फट सारखी येत नाही आणि मग पहारीला वाट मिळते. माझा ३ मिलिमीटरचा आग्रह मुख्यतः या कारणासाठी आहे.

कुलूप चांगल्या प्रतीचे, सहा किंवा अधिक लिव्हरचे (लिव्हर म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्या), तिजोरीच्या दारात आतून बसणारे घ्या. बाहेर लोंबणारे कुलूप कितीही भारी असले तरी त्याचा कोयंडा कापता येतो. स्वस्त इलेक्ट्रॉनिक कुलपात खिटी स्प्रिंगच्या आधाराने अडलेली असते आणि काही कुलपांत वरून जोराचा दणका बसला, की ती क्षणभर मागे सरकते. शिवाय सेल संपल्यावर उघडण्यासाठी त्या कुलपाला एक साधी किल्ली दिलेली असतेच, म्हणजे किल्ली सांभाळण्यातून आपली सुटका होत नाही.

आता जमीन. शहाबादी फरशीत थेट बोल्ट मारू नका, फरशी तडकेल आणि बोल्ट नुसत्या मुरुमात लटकत राहील. जेथे तिजोरी ठेवायची, तेथली एक फरशी काढून खाली काय आहे ते पाहा. काँक्रीट असेल तर चार अँकर बोल्ट पेटीच्या आतून तळात मारून घ्या. मुरूम असेल तर दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि नऊ इंच खोल खड्डा करून त्यात काँक्रीट भरा, चार जे आकाराचे बोल्ट त्यातच रोवा, सात दिवस पाणी मारा आणि मग पेटी बसवा. २६ किलोंची पेटी एकटा माणूस सहज उचलतो, तेव्हा छोटी पेटी घेणार असाल तर हे काम टाळू नका.

न्हाणीच्या भिंतीपासून दोन इंच जागा मोकळी सोडा आणि पेटीखाली रबराचा पत्रा अंथरा.

प्रतिसाद, पंढरपूरहून

ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे खडे गुलाबी झाले, की कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येतात, त्यामुळे एकदाच विकत घ्यावे लागतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळ्यांवरून तेलाचे फडके फिरवावे. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर परत आल्यावर त्याच दिवशी ती पूर्ण पुसून मगच तिजोरीत ठेवावी.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल फरशी काढून पाहिली. खाली मुरूमच आहे, म्हणून सांगितलेल्या मापाचा खड्डा करून काँक्रीट भरून घेत आहे. त्याच फॅब्रिकेटरला ३४ इंचांची पेटी, चौकटीच्या आत बसणारे दार, बिजागरीच्या बाजूच्या दोन खिट्ट्या आणि आतले लिव्हर कुलूप अशी यादी लिहून दिली. त्याने एकूण १६,५०० रुपये सांगितले. काँक्रीट आणि गवंड्याची मजुरी धरून मी २०,००० च्या आत राहीन.

दार त्याने सवयीने चौकटीवर बसवायला घेतले होते. मी प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा त्याने ते पुन्हा कापून आत बसवायचे मान्य केले. कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात. त्यांतील दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत आहे. पहिलीसाठी वडिलांनी काल संध्याकाळी स्वतःहून नवा करदोटा आणून माझ्या हातात दिला.