पवित्र जीवन म्हणजे काय काय टाळलं ते, की कोणाशी कसं वागलो ते?

मीठ_उजेड:
आपल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) एखाद्याला 'पवित्र जीवन जगणारा' म्हटलं की यादी ठरलेली, पीत नाही, सिनेमे बघत नाही, उपवास करतो, प्रार्थनेला कायम पुढे. वाईट काहीच नाही त्यात. पण बायबलमधला लेवीय 19 उघडा, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा असं देव सांगतो आणि पुढे काय येतं तर आईबापाचा मान, शेताच्या कडेचं पीक गरिबाला आणि परक्याला सोडा, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, वजनमाप खरं ठेवा. आता जो माणूस पहाटे उठून तासभर प्रार्थना करतो आणि हाताखालच्यांचा पगार महिना महिना लटकवतो त्याला पवित्र कसं म्हणायचं?

जुनी_वाट:
सोयीपुरतं वाचलंत. त्याच अध्यायात मूर्ती करू नका, भूतं विचारणाऱ्यांच्या नादी लागू नका हेही आहे. आणि पगार वेळेवर द्यायला देव लागतो कुठे, नास्तिक मालकही देतो. मग पवित्र आणि सज्जन यात फरक काय उरला? यशया संदेष्ट्याला (यशया, अध्याय 6) मंदिरात देव दिसला तेव्हा तो 'चला आता समाजसेवा करू' म्हणाला नाही, माझे ओठ अशुद्ध आहेत, माझं आता संपलं, असं म्हणाला. ती भीतीच गेलीये हल्ली. इब्री 12:14 तर सरळ म्हणतं, पवित्रतेशिवाय कोणी प्रभूला पाहणार नाही.

मीठ_उजेड:
नास्तिक देतो ना, मग आपल्याला जास्तच लाज वाटायला हवी! आणि मार्क 1 बघा, येशूने कुष्ठरोग्याला हात लावला. मोशेच्या नियमाने हात लावणारा अशुद्ध व्हायला हवा होता, झालं उलटं, तो रोगीच शुद्ध झाला. लांब राहून सांभाळायची पवित्रता ही नव्हे.

कृपा_पुरे:
तुम्ही दोघंही माणसाचे मार्क मोजताय, फक्त पेपर वेगळा. पहिल्या शतकातली करिंथ शहरातली मंडळी घ्या, गटबाजी, एकमेकांवर कोर्टकेस, प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीच्या भोजनाला) एक उपाशी तर दुसरा झिंगलेला, तरी प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच त्यांना पवित्र जन म्हणतो. आधी ख्रिस्तात पवित्र केलं, वागणं त्यातून येतं.

जुनी_वाट:
येतं ना? मग त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात बापाच्या बायकोबरोबर राहणाऱ्याला बाहेर काढा असं का सांगतो पौल? कृपेच्या नावाखाली सगळं चालवून घ्यायचं ही आता फॅशन झालीये. (धर्मसुधारक लूथर म्हणायचे माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी, मेथडिस्ट चळवळीचे वेस्ली म्हणायचे याच आयुष्यात प्रेमात पूर्ण होता येतं. तो वाद आपल्या धाग्यात मिटणार नाही.)

स्वयंपाकघरातून:
इतका वेळ फक्त वाचत होते. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांच्याकडे आहे त्यांना तासभर प्रार्थना कुठून जमणार? फ्रान्समधल्या लिस्यूची जोगीण तेरेसा 1897 मध्ये 24 व्या वर्षी गेली, मोठं असं काही केलं नव्हतं, मठात धुणं धुताना शेजारची दुसरी जोगीण घाण पाणी उडवायची ते चिडचिड न करता सोसलं, असलीच कामं. 1925 मध्ये तिला संत ठरवलं.

जुनी_वाट:
पण ताई, ती मठात होती, दिवसभराच्या प्रार्थना ठरलेल्या. ते सोसायचं बळ तिथूनच आलं की. मूळ कापून फळ कसं मागता?

स्वयंपाकघरातून:
मूळ कापा असं मी कुठे म्हटलं. मला दुसरीच भीती आहे. हेच 'सोसणं म्हणजे पवित्रता' नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ऐकवलं जातं, आणि मारणारा मात्र उपासनेत पुढे बसून गातो. शिंतोडे सोसणं वेगळं आणि मार वेगळा. त्या बाईला घराबाहेर पडायला जो मदत करेल त्याला मी पवित्र म्हणेन, मग तो उपवास करो न करो.

कृपा_पुरे:
याच्याशी सहमत. त्या माणसाला आधी गायकवृंदातून काढा.

मीठ_उजेड:
म्हणूनच म्हणतो, मंडळीचे वडील म्हणजे पुढारी निवडताना त्याच्या घरच्यांना विचारा, त्याच्याकडे कामाला आहेत त्यांना विचारा. 1 तीमथ्य 3:7 मध्ये मंडळीच्या अध्यक्षाबद्दल बाहेरच्यांची साक्ष चांगली हवी असं आहेच.

जुनी_वाट:
विचारा की, माझी ना नाही. फक्त त्याच अध्यायात मद्यपी नसावा हेही लिहिलंय, ते तुमच्या यादीतून गाळू नका.