मदत हवी आहे: पात्रांच्या नात्यांचा तक्ता जमत नाहीये (सोलापूर)

शनिवारची_तालीम
प्रयोगाला बारा दिवस उरलेत. प्रेमाचं विनोदी नाटक आहे. वाचनाला सगळे हसले, उभं केलं तर हसू गेलं. नात्यांचा अभ्यास करा म्हणतात, म्हणून वंशावळीसारखा तक्ता काढला: नवरा-बायको, प्रियकर-प्रेयसी, नोकर. उपयोग शून्य. तक्ता काढायचा कसा? लवकर सांगा की ओ.

विंगेतून
नाटक कोणतं? पूर्ण की कापलेलं?

शनिवारची_तालीम
संशयकल्लोळ. कापलेलं, 55 मिनिटांचं.

प्रॉम्प्टर_सोलापूर
वंशावळ चालणार नाही, कारण या नाटकात नाती बदलतच नाहीत. फाल्गुनराव पहिल्यापासून शेवटपर्यंत कृत्तिकेचाच नवरा. बदलतो तो समज. म्हणून प्रत्येक प्रवेशाला वेगळा कागद घ्या. फाल्गुनराव, कृत्तिका आणि प्रेमात पडलेले अश्विनशेठ, रेवती अशी चार नावं चार कोपऱ्यांत. बाण दोन्ही बाजूंनी वेगळे काढा, म्हणजे एका कागदावर 12 बाण होतील. खरं नातं सरळ रेघेनं, संशयातलं तुटक रेघेनं. प्रत्येक बाणावर दोन गोष्टी लिहा: याला काय माहीत आहे, आणि हा काय धरून चाललाय. या दोन्हींत जेवढी तफावत, तेवढा विनोद. तफावत नसलेला बाण हसवत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

मग तसबीर धरा. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका बघते; तिथं पडलेली अश्विनशेठची तसबीर तिला सापडते. पुढं ही तसबीर फाल्गुनरावाच्या हाती जाते. संहितेच्या कोणत्या पानावर ती कुणाच्या हातात आहे ते समासात लिहा. तसबीर हात बदलते तिथं नवा कागद सुरू.

तिसरी_घंटा
बारा दिवसांत कागद रंगवत बसायचं? मूक तालीम घ्या. संवाद बंद, फक्त हालचाल, नजर आणि तसबीर. नाटक माहीत नसलेला एक माणूस समोर बसवा. दहा मिनिटांनी कोण कुणावर संशय घेतंय हे त्याला सांगता आलं तर नाती बसली.

प्रॉम्प्टर_सोलापूर
मूक तालमीत चूक आहे एवढं कळतं, कुठल्या ओळीपासून सुरू झाली ते कळत नाही. आधी कागद, मग मूक.

तिसरी_घंटा
कागदामुळं नट डोक्यानं खेळतात. कृत्तिका करणारी ‘आपली फसगत झालीय’ हे चेहऱ्यावर दाखवायला लागते. तिच्या लेखी तिचा संशय शंभर टक्के खरा आहे.

प्रॉम्प्टर_सोलापूर
हे मात्र मान्य. म्हणून नटाला फक्त त्याच्या पात्राचे तीन बाण द्या. पूर्ण कागद दिग्दर्शकाकडं.

जुना_प्रेक्षक
मूळ धागा मोलिएरच्या 1660 च्या नाटकाचा, त्यावरून आर्थर मर्फीचं 1761 चं इंग्रजी नाटक, त्यावरून गो. ब. देवलांचं हे नाटक. पात्रांना नावं महिन्यांची आणि नक्षत्रांची, ही गंमत देवलांची. देवल 1916 साली गेले, त्यामुळं संहितेवर आता कुणाचा हक्क नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र घेतलंत का?

शनिवारची_तालीम
घेतलंय. तो प्रश्न नव्हता. दोन्ही जोड्या सारख्याच ओरडतात, त्याचं काय करू?

विंगेतून
दोन जोड्यांचा संशय एक नाही. नवरा-बायकोला संशयाची सवय आहे. ते पुरावा शोधतात आणि सापडला की एका अर्थी खूश होतात. अश्विनशेठ-रेवतीला तोच संशय जखम करतो. थोरल्या जोडीचा आवाज चढता ठेवा, धाकट्या जोडीला भांडताना आवाज उतरवायला सांगा. संशयाची 1 ते 10 पट्टी धरा. कृत्तिका पहिल्याच प्रवेशात 8 वर गेली तर पुढं चढायला जागा राहत नाही, मग नुसती आदळआपट.

आता सांगा, कापलं काय?

शनिवारची_तालीम
पदं. गाणारं कुणी नाही, ऑर्गन नाही. पदांसोबत अश्विनशेठ-रेवतीचा प्रेमाचा प्रवेशही काढला.

विंगेतून
मग दुखणं तिथंच आहे! दोघांचं प्रेम प्रेक्षकानं पाहिलंच नाही, तर ते तुटेल याची धास्ती त्याला कशी वाटणार? तुमच्या पहिल्या कागदावर रेवती-अश्विनशेठची सरळ रेघच नाही.

जुना_प्रेक्षक
पदांशिवाय हे नाटक करूच नये.

प्रॉम्प्टर_सोलापूर
देवलांनी आधी गद्य ‘फाल्गुनराव’च लिहिलं होतं, 1893 मध्ये. पदांचं संगीत नाटक 1916 चं. गद्यात घोटाळा पूर्ण उभा राहतो. पद गाळा, प्रवेश ठेवा.

तिसरी_घंटा
तसबीर केवढी घेतलीय? पोस्टकार्डाएवढी असेल तर मागच्या रांगांना दिसणार नाही. साधारण 6 बाय 8 इंच, चौकट जाड, पाठ लाल. काच नको, दिव्याचा झोत परततो. आणि कृत्तिकेच्या पदराआड मावते का ते तालमीत बघा. नऊवारीत हात कुठं लपतो, पाचवारीत कुठं, यात फरक पडतो.

शनिवारची_तालीम
मोबाइलएवढी आहे. बदलतो. प्रवेश परत घेतला तर 4 मिनिटं वाढतात. कुठून काढू?

विंगेतून
नोकरांच्या प्रवेशांतून. पण भादव्याच्या तोंडची एखादी बातमी ऐकून कुणाचा समज बदलत असेल, तर ते वाक्य ठेवा. कागदावर बाण हलत नाही ती वाक्यं जाऊ द्या.

शनिवारची_तालीम
आज रात्री कागद काढतो. उद्या भादव्याची पानं इथं टाकतो, बघा.