मदत हवी आहे : मास्टोडॉन की नॉस्टर?

राजेहो, एक सल्ला पाहिजे. नागपूरच्या अंबाझरी-गोरेवाड्याच्या पक्ष्यांच्या नोंदी आम्ही ६ वर्षं एका मोठ्या सोशल नेटवर्कवर टाकत होतो. मागच्या महिन्यात खातं बंद. कारण नाही, अपिलाला उत्तर नाही.

म्हणून एका कंपनीच्या हातात नसलेली दोन सोशल नेटवर्कं बघतो आहे. आधी मास्टोडॉन पाहिलं, तिथं वेगवेगळे लोक चालवतात त्यापैकी एका सर्व्हरवर खातं काढायचं. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट तिथंच राहतात. म्हणजे घर सोडताना सामान मालकाकडेच! नॉस्टरमध्ये खातं म्हणजे नुसती डिजिटल किल्ल्यांची जोडी : एक सगळ्यांना दाखवायची, दुसरी खासगी, पोस्टवर सही करायची. सही केलेली तीच पोस्ट चार-पाच रिलेंवर (पोस्ट साठवून वाचणाऱ्यांना देणारे सर्व्हर) ठेवता येते, एकानं हाकललं तरी बाकीच्यांवर असते. हे पटलं. पण 'एनसेक'नं सुरू होणारी खासगी किल्ली हरवली की संपलं, 'पासवर्ड विसरलात?' वगैरे काही नाही. त्यात आमच्या एका काकांनी ती सरळ फॅमिली ग्रुपवर टाकली. आता नवीन खातंच काढावं लागेल ना?

चार-पाच जण मिळून एकच खातं चालवायचं तर किल्ली ठेवता कुठं? फोटो वेगळ्या मीडिया सर्व्हरवर जातात, तिथं काय वापरता? आणि घरच्या जुन्या पीसीवर कोणी रिले चालवला आहे काय? प्रतापनगरात वरचा मजला, मे महिन्यात ४५ डिग्री. कूलर पीसीला लावू की आईला, असा प्रश्न आहे.