गाढवाचं कातडं, डुकराचं कातडं आणि प्रथिनांची साक्ष

खडूस रसायनी:
चीनच्या शानतुंग प्रांतातलं तुंग-अ हे गाव एका वडीसाठी प्रसिद्ध आहे. गाढवाचं कातडं उकळत ठेवायचं, रस आटवायचा, थापून वड्या पाडायच्या. ही अजियाओ. रक्त वाढतं, बाळंतिणीला मानवते, कांती सुधारते असं सांगून चढ्या भावाने विकतात. गाढवं कमी पडायला लागली तशी डुकराची, गाईची, घोड्याचीही कातडी कढईत जाऊ लागली. आटल्यावर रंग आणि चकाकी सारखीच. एवढ्या उकळण्यात डीएनएचा पार भुगा होतो, त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

तग धरतं ते कोलॅजन, म्हणजे कातड्यातलं मुख्य प्रथिन, अमिनो आम्लांची लांब साखळी. साखळी तुटते, पण तुकड्यांतला अमिनो आम्लांचा क्रम बराचसा शाबूत असतो. ट्रिप्सिन हे विकर लायसीन आणि आर्जिनीनपाशी ही साखळी कापतं, मग ते तुकडे मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात तोलायचे. गाढवाचा ठरावीक तुकडा ठरावीक वजनालाच दिसतो. चिनी औषधसंहितेच्या २०१५ च्या आवृत्तीत ही पद्धत आहे.

इथवर कौतुकच. पण माझं मत असं, की चाचणी जितकी चोख तितकी गाढवावर संक्रांत. भेसळ करणारा भामटा नकळत गाढवं वाचवत होता! १९९० च्या सुमारास चीनमध्ये १ कोटीहून जास्त गाढवं होती, ती २०१९ पर्यंत २६ लाखांच्या आसपास आली. मग आफ्रिकेची कातडी यायला लागली. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठीच्या कत्तलीवर बंदी घातली.

प्रयोगवही:
साफ असहमत. चोर सोडून तराजूला फाशी? पैसे गाढवाचे मोजले आणि पोटात डुक्कर गेलं, हे तिथल्या मुस्लिम गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगणार? ढोबळ चाचणीवर विसंबलं की काय होतं ते २००८ मध्ये चीनमध्येच दिसलं. दुधातलं प्रथिन नायट्रोजन मोजून ठरवत होते. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजन भरपूर असलेलं कारखानी रसायन टाकलं, नायट्रोजन भरला, दूध पास. ३ लाखांच्या आसपास बाळं आजारी पडली. नायट्रोजनला गाढव-डुक्कर कळत नाही, क्रम वाचणाऱ्या यंत्राला कळतं.

खडूस रसायनी:
दुधाचं मान्य. पण दूध बाळाला लागतंच, वडी कुणाला लागते?

जीर्ण पोथी:
तुम्ही दोघंही 'अस्सल' हा शब्द फुकटात सोडताय. जुन्या चिनी ग्रंथांत हाच पदार्थ गाई-बैलाचं कातडं उकळून करतात अशी नोंद आहे, गाढव मागाहून आलं. म्हणजे आज ज्याला भेसळ म्हणतो ती एके काळची मूळ कृती! यंत्र जातकुळी सांगतं, गुण सांगत नाही. कोलॅजनमध्ये दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन, आणि अन्नातूनच मिळवावं लागणारं ट्रिप्टोफॅन औषधालाही नाही. २०१८ मध्ये चीनच्या सरकारी आरोग्य हेल्पलाइनच्या वेइबो (चिनी समाजमाध्यम) खात्यानेच 'हे उकळलेलं गाढवाचं कातडं, विकत घेण्यात अर्थ नाही' अशा आशयाचं लिहिलं होतं. ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत माफी मागायची पाळी आली. बाजार मोठा असला की शास्त्राला नमतं घ्यावं लागतं ते असं.

वीटभट्टीवाला:
आमच्याकडे दोन पिढ्या गाढवं होती, म्हणून लिहितो. सगळं खापर वडीवर फोडू नका. टेम्पो आला, ट्रॅक्टर आला, गाढव कोण पोसणार? चीनमध्येही हे घडलं असणारच. भारतात २०१२ च्या पशुगणनेत ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ मध्ये १ लाख २० हजार. पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात जाऊन बघा, विकणारे म्हातारे दिसतील, पोरं मोबाइलवर.

एक मात्र खडूस रावांचं पटलं. गाढवी वर्षभर गाभण राहते आणि शिंगरू देते एकच. डुकरासारखी पैदास वाढवता येत नाही. आफ्रिकेत कातड्याचा भाव चढला तशा चोऱ्या वाढल्या. ज्या बाईचं पाणी गाढवावर येतं, तिचं सकाळी दावं रिकामं. तिला तुमच्या स्पेक्ट्रोमीटरचं काय सांगू?

सह्याद्रीची वाट:
हेच यंत्र उलट बाजूनेही वापरता येतं, ते विसरू नका. गेंड्याचं शिंग आणि खवल्या मांजराचे खवले दोन्ही केराटिन, आपल्या नखांसारखंच. चीनने १९९३ मध्ये गेंड्याच्या शिंगाचा व्यापार बंद केला, तेव्हापासून औषधात म्हशीचं शिंग चालवतात. पुडीत म्हैस आहे की गेंडा, हे केराटिनच्या तुकड्यांवरून ठरवता आलं तर कोर्टात टिकणारा पुरावा मिळेल. आमच्या कोकणात खवले पकडले की हाच प्रश्न येतो.

खडूस रसायनी:
म्हणजे गेंड्याच्या बाबतीत नकली पुडी निघाली की तुम्ही टाळ्या वाजवणार, आणि गाढवाच्या बाबतीत कारखानदाराला दंड करणार?

प्रयोगवही:
हो. एकात कायदा प्राण्याच्या बाजूने आहे, दुसऱ्यात नाही. कायदा बदला, यंत्र तेच राहील.

वीटभट्टीवाला:
मग खेचराचं काय? बाप गाढव, आई घोडी.

प्रयोगवही:
चांगला अडकवलात. त्यात गाढवाचाही तुकडा सापडणार आणि घोड्याचाही. फक्त गाढवाचा शोधलात तर खेचर बिनबोभाट पास. म्हणून 'गाढव आहे का' एवढंच विचारून भागत नाही, घोडा, गाय, डुक्कर नाहीत ना, तेही बघावं लागतं. आणि खेचराच्या कातड्याची वडी निघाली, की त्यात घोडी नंतर मिसळली की आधीच होती, ते नुसत्या त्या तुकड्यांवरून सांगणं कठीण.