शब्दचर्चा: ‘ईसीएम गेला’, ‘कोड काढला’, ‘नवीन टाकला’: छापताना काय लिहावं?

मूळ प्रश्न

आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांसाठी मराठीतून टिपणं करते आहे. सध्याचा पाठ इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूलचा, म्हणजे ईसीएमचा आहे: तो खराब झालाय हे कसं ओळखायचं आणि कसा बदलायचा. ‘ईसीएम’ला मराठी नाव शोधायचं नाहीये. ‘विजाणुकीय नियंत्रक एकक’ छापलं तर मुलं पान उलटतील, आणि गॅरेजात हा शब्द कुणी उच्चारणारही नाही. ईसीएम, कपलर, रिले, सेन्सर हे आता आपलेच शब्द आहेत.

अडलंय ते विशेषणांपाशी आणि क्रियापदांपाशी. सदोष, नादुरुस्त, बिघडलेला, निकामी, खराब: यातलं कुठे काय? शीर्षक ‘ईसीएमचे निदान’ असं चालेल का? आणि ‘बदलणे’ म्हटलं की आतलं काहीतरी बदलायचं असाही अर्थ निघतो, त्याचं काय करू?

प्रतिसाद (मोटार इलेक्ट्रिशियन, सांगली)

ताई, आमच्याकडे दोनच शब्द, ‘गेला’ आणि ‘उडाला’. पण ते एक नाहीत. ‘उडाला’ म्हणजे एका फटक्यात: बॅटरी उलटी जोडली, बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरीची वायर सोडली नाही, किंवा इग्निशन कॉइल शॉर्ट झाली आणि तिला चालवणारा आतला ट्रान्झिस्टर घेऊन गेली. फ्यूज उडतो तसाच हा उडतो. ‘गेला’ त्याहून मोठा शब्द, त्यात सगळंच येतं. पाणी शिरलेल्याला आम्ही ‘पिना हिरव्या पडल्यात’ म्हणतो. २०१९च्या पुरानंतर हे वाक्य इथे रोज ऐकू यायचं. बुडालेली गाडी वाळवली की सुरू होते, माणूस खूश होतो, आणि काही महिन्यांनी गंज पिनांपासून आतल्या सर्किटच्या प्लेटपर्यंत पोचतो. तिसरा प्रकार ‘फॉल्ट येतो-जातो’: गरम झाला की बंद, गार झाला की चालू. हे शब्द जसेच्या तसे घ्या.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आमच्याकडचा सगळ्यात घातक शब्द आहे ‘करंट येतोय’. पोरगा ईसीएमच्या सप्लायच्या पिनेवर मल्टिमीटर लावतो, १२ व्होल्ट दिसले की ओरडतो, ‘करंट येतोय!’ मग सप्लाय ठीक, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) ठीक, म्हणजे ईसीएमच गेला असं ठरतं. पण मीटरने दाखवला तो दाब, व्होल्टेज. वायर आतून गंजून एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच ओढत नाही. त्याच वायरवर हेडलाइटचा बल्ब लावा. मिणमिणतो किंवा पेटतच नाही. लोड दिल्याशिवाय करंट वाहत नाही, मग तो ‘येतोय’ कुठून? ह्या एका शब्दापायी चांगले ईसीएम बदलले जातात. टिपणात कृपा करून दोन वाक्यं वेगळी ठेवा: ‘व्होल्टेज दिसते’ आणि ‘लोडवर व्होल्टेज टिकते’.

अर्थचंही तेच. सर्किट चालू ठेवून ईसीएमच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजायचं. ०.१ व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर आधी बोल्ट घासा, मग ईसीएमबद्दल बोला.

प्रतिसाद (धागा काढणारी)

दादा, ‘व्होल्टेज टिकते’ तसंच्या तसं घेतलं. पण ‘अर्थ’ हा शब्द छापायला अवघड जातो. ‘सेन्सरला अर्थ मिळत नाही’ हे वाक्य नव्या मुलाने वाचलं तर तो क्षणभर थबकेल. ‘भूसंपर्क’ लिहावं का?

प्रतिसाद (वाहन उद्योगातील अभियंता, चाकण)

‘भूसंपर्क’ नको. घराच्या वायरिंगमध्ये ठीक आहे, तिथे खरोखर जमिनीत पट्टी पुरलेली असते. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिचा जमिनीशी विजेचा संबंध नाही. बॉडी किंवा चेसिस बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते, तेवढाच ‘अर्थ’. ‘अर्थिंग’ लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे हे एक वाक्य घाला.

विशेषणांबद्दल माझं मत ठाम आहे. ‘सदोष’ म्हणजे दोष मुळातच आहे, कारखान्यातून तसाच आला. वॉरंटीच्या दाव्यात हाच शब्द हवा. ‘बिघडलेला’ म्हणजे आधी चालत होता. ‘नादुरुस्त’ म्हणजे आत्ता चालत नाही, पण दुरुस्तीची आशा आहे. लिफ्टवरची पाटी आठवा. ‘निकामी’ म्हणजे आशा संपली. ईसीएमला ‘निकामी’ शेवटच्या पानावरच म्हणावं, कारण त्याच्या बाहेरचं सगळं तपासल्याशिवाय तो शब्द वापरायचा अधिकार मिळत नाही. तपासणी सुरू असताना ‘संशयित’ म्हणा. पोलिसी वाटला तरी इथे तोच अचूक आहे.

एक उदाहरण पाठात हवंच. ईसीएम बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्टचा सप्लाय देतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की त्या ओळीवरचे ५ व्होल्ट कोसळतात. त्या ओळीवरचे बाकीचे सेन्सरही खोटं बोलू लागतात, कोडची, म्हणजे ईसीएमने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकांची, रांग लागते, आणि बघणाऱ्याला वाटतं मेंदूच गेला. एकेक सेन्सरचा कपलर सोडत जायचं. ज्याचा सोडल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. ईसीएम निर्दोष.

प्रतिसाद (वैद्य, नाशिक)

गाड्यांतलं मला कळत नाही, पण ‘निदान’ माझ्या रोजच्या वापरातला शब्द आहे. निदान रोगाचं असतं, रोग्याचं नव्हे. ‘क्षयाचं निदान झालं’ म्हणतो, ‘शांताबाईंचं निदान झालं’ म्हणत नाही. त्यांची तपासणी होते. म्हणून ‘ईसीएमचे निदान’ चूक. ‘बिघाडाचे निदान’ आणि ‘ईसीएमची तपासणी’ असं हवं.

दुसरं, आयुर्वेदात ‘निदान’चा एक अर्थच मुळी ‘कारण’ असा आहे. निदानपंचकात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच अंगं येतात. रूप म्हणजे लक्षण. उपशय म्हणजे औषध किंवा पथ्य देऊन पाहायचं, बरं वाटतं का यावरून रोग ओळखायचा. आता मला सांगा, स्कॅनरवर येणारा कोड ह्यातला कोणता?

प्रतिसाद (अभियंता, चाकण)

रूप! नेमकं. कोड हे लक्षण आहे आणि लोक त्याला निदान समजतात. पी ०६०१, पी ०६०६ असे काही कोड ईसीएम स्वतःच्याच मेमरीबद्दल, प्रोसेसरबद्दल नोंदवतो, पण बॅटरी पडलेली असतानाही ते येऊ शकतात. यू ०१०० तर दुसऱ्याच मॉड्यूलने केलेली तक्रार असते, की इंजिनाच्या ईसीएमचा आवाज ऐकू येत नाही. तोंड बंद आहे की मधली वायर तुटली आहे, हे तो कोड सांगत नाही. त्यासाठी बॅटरी सोडून स्कॅनर जोडायच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजतात. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास येतो, कारण कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या तारांच्या जोडीच्या, दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय.

दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावून पाहणं हा उपशय झाला. पण इथे धोका आहे: बाहेर शॉर्ट शिल्लक असेल तर पाहुणा ईसीएमही जातो. शिवाय इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत दुसऱ्याचा ईसीएम चावी ओळखत नाही, त्यामुळे गाडी सुरू झाली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

प्रतिसाद (इलेक्ट्रिशियन, सांगली)

वैद्यबुवांनी डोकं चालवायला लावलं. आता आमची क्रियापदं पण तपासा. ‘कोड काढला’ म्हणजे काय? स्कॅनर लावून वाचला की मिटवून टाकला? आम्ही दोन्हीला ‘काढला’च म्हणतो. मालकाला सांगतो ‘कोड काढलाय’, तो समजतो काम झालं. आणि आधी मिटवला तर त्याच्याबरोबर साठलेली फ्रीझ फ्रेम जाते. फॉल्ट आला तेव्हा वेग किती, इंजिन किती गरम, सगळं गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टमध्ये तोच एक साक्षीदार असतो.

‘टाकला’चंही तसंच. ‘ईसीएम टाकला’: नवीन बसवला की जुना भंगारात दिला? तोंडी कळतं, कागदावर नाही.

प्रतिसाद (धागा काढणारी)

‘कोड वाचणे’, ‘कोड उतरवून घेणे’, ‘कोड पुसणे’ असे तीन वेगळे ठेवते. ‘बदलणे’ फक्त शीर्षकात. पायऱ्यांत ‘काढणे’, ‘बसवणे’ आणि ‘जुळवणे’. ‘जुळवणे’ला तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद (इलेक्ट्रिशियन, सांगली)

‘चावी मॅच करणे’, ‘सॉफ्टवेअर मारणे’. जुन्याची मेमरी नव्यात उतरवली तर ‘क्लोन’. ‘जुळवणे’ चांगला आहे, तिन्ही त्यात बसतात. पार्ट नंबरही जुळवायचाच असतो. दिसायला सारखे दोन ईसीएम, एक पेट्रोलचा आणि एक सीएनजीचा, असं होतं.

प्रतिसाद (धागा काढणारी)

मसुदा असा झाला:

‘बिघाडाचे निदान होईपर्यंत ईसीएमला संशयित समजावे. कोड वाचून उतरवून घ्यावेत, पुसू नयेत. सप्लाय आणि अर्थिंग लोडवर तपासावे. सेन्सरचा ५ व्होल्ट सप्लाय तपासावा. ईसीएम निकामी ठरल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून जुना काढावा, पार्ट नंबर जुळवून नवा बसवावा, वायर परत जोडावी. सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावावा, कारण मध्येच व्होल्टेज पडल्यास नवा ईसीएमही निकामी होऊ शकतो. शेवटी चावी जुळवावी.’

प्रतिसाद (इलेक्ट्रिशियन, सांगली)

एक वाक्य राहिलं, आणि ते ‘नवा बसवावा’च्या आधी हवं: ‘जुना कशामुळे गेला ते सापडल्याशिवाय नवा बसवू नये.’ शॉर्ट कॉइल तशीच ठेवून नवा ईसीएम जोडला तर चावी फिरवताच तोही उडेल. वैद्यबुवा म्हणतात ते ‘कारण’वालं निदान इथे लागतं.

प्रतिसाद (धागा काढणारी)

घातलं, दादा. ठळक टाइपात.